सहा खोडींचं घर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीच्या वर्षी आईबापासोबत उसाच्या फडावर गेले, ती परत बाकावर बसले नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफी असावी, आणि वाचून झाल्यावर ती होती तिथे, डाळीच्या डब्यामागे ठेवून द्यावी.

तशी माझ्या अक्षराची लाज एकदा जाऊन चुकलेली आहे. मानवतला आमच्या गल्लीतल्या एका भिंतीवर हेच अक्षर, वीतभर उंच, लाल ऑइलपेंटमध्ये, अख्ख्या गावानं उभं राहून वाचलंय. ज्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं ते आमचे घरमालक. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

मामा जन्मभर मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्यानं माल आणायचा, व्यापाऱ्यानं घ्यायचा आणि मधे काट्यापाशी उभं राहून मामांनी वजन पुकारायचं. दोन्ही बाजूंना ते नकोसे असायचे आणि दोन्ही बाजूंना तेच लागायचे. खोटं वजन त्यांच्या तोंडून निघतच नसे. "एकदा निघालं असतं तर बंगला झाला असता," असं मामी म्हणायच्या. पुढे विजेचा काटा आला. "काटाच बोलायला लागला, मंग मी गप झालो," असं मामा सांगायचे. पण ते गप झालेले मी तरी पाहिले नाहीत.

त्यांच्या डाव्या हाताच्या बाहीला मनगटावर बटण लावलेलं असायचं आणि उजवी बाही कायम कोपराच्या वर दुमडलेली. लग्नात, मयतीला, आधार कार्डाच्या फोटोला, कधीही. कापसाच्या गाडीत वरती पांढराशुभ्र कापूस रचतात आणि खाली कवडी, म्हणजे पिवळा पडलेला, किडका. मोंढ्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मामा हात आत घालायचे, थेट कोपरापर्यंत. "वरचा थर बघायला डोळे लागतात, माल बघायला कोपर लागतं," हे त्यांचं बोलणं मी रोज एकदा तरी ऐकलं असेल. मग ती सीताफळाची पाटी असो नाहीतर लेकीचं सासर.

लेकीचं सासर मी उगाच म्हटलं नाही. स्थळ बघायला गेले तेव्हा पोहे यायच्या आत मामा उठले, माजघरात गेले आणि ज्वारीच्या कोठीत हात घातला. हात बाहेर आला तो रुमालात बांधलेल्या नोटा घेऊन. नवऱ्या मुलाच्या आईनं नवऱ्यापासून लपवलेल्या. मुलाचा बाप म्हणाला, "हे कवापासून?" बायको म्हणाली, "मला काय ठाऊक? उंदरानं आणले असतील." तिथेच दोघांची जुंपली. सगळ्यांना वाटलं, सोयरीक मोडली. मामा बाहेर येऊन म्हणाले, "जमलं. ज्या घरात बाईच्या गाठीला पैसा हाय, तिथं माझी पोरगी उपाशी राहायची न्हाई." लेक आजही तिथे सुखात आहे. कोठीला मात्र त्यांनी कुलूप लावलंय.

मामा कधी एकापासून मोजत नसत. मापाड्याचं पहिलं माप म्हणजे 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार. ओट्याच्या पायऱ्या ते तशाच चढायचे. मामींचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं रोज एकच गोळी दिली होती. मामा सकाळी ती हातावर ठेवून पुकारायचे, "लाभ!" आणि थांबायचे. मामी वैतागायच्या, "आवो, नुसतं लाभ लाभ करून मी बरी व्हायची न्हाई. पाणी द्या."

त्या ऑपरेशनच्या वेळी मी मामांना सत्तर हजार रुपये दिले होते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आठ वर्षं आम्ही ऊस तोडायला जात होतो. त्यातले उरलेले आणि बचत गटातले मिळून तेवढे साठले होते. पोरीला नर्स व्हायचं होतं, तिच्यासाठी ते होते. पोरगी तेव्हा नववीत होती. मामी परभणीला दवाखान्यात होत्या आणि मामा ओट्यावर नुसते बसलेले. त्यांनी मागितले नाहीत. मीच डबा नेऊन पुढे ठेवला. मला माणसांपुढे बोलता येत नाही, दुकानात सुद्धा मी बोटानं दाखवते. मामांनी डब्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि विचारलं, "कडता किती?"

मोंढ्यात पोत्यामागे थोडं वजन आधीच कापून घेतात, त्याला कडता म्हणतात. मामांना तो शब्द शिवीसारखा होता. व्याज आधीच कापून घेणार का, असं त्यांचं विचारणं होतं. मी मानेनंच नाही म्हटलं. मग त्यांनी पाचशेच्या एकशे चाळीस नोटा गल्लीला ऐकू जाईल अशा मोजल्या. "घेणाऱ्यानं मोजायचं, अन् मोठ्यानं मोजायचं. मनात मोजलेलं मनातच बदलतं."

पोरीचे बाबा, म्हणजे आमचे हे, मामांना म्हणाले, "मामा, आमचं भाडं त्यातूनच वळतं करा की." मामांना हे अजिबात पटलं नाही. "भाडं वेगळं, उसनं वेगळं. ज्वारी अन् सोयाबीन एका पारड्यात घालतेत का?" म्हणून तीन वर्षं दर महिन्याला मी त्यांना भाड्याचे पंधराशे नेऊन द्यायची, ते मोजून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "तुझे सत्तर हजार माझ्याकडं हायेत, ध्यानात ठेव." जसं काही मी विसरणारच होते.

पोरगी बारावी झाली. नर्सिंगची फी पोळ्याच्या आत भरायची होती. मी काही मागितलं नाही. पण निकालाचे पेढे दिले त्याच दिवशी मामा म्हणाले, "घर इकतो. आमी दोघं वालूरला जातो, तिथं दोन खोल्या हायेत. दवाखान्याचं बी राहिलंय अन् तुझं बी." म्हणजे पोळ्याच्या आत घर विकलं तर पोरगी नर्स, नाहीतर पोरगी घरी.

घरं विकून देणारा एक एजंट आला. त्यानं समोरून बघितलं आणि म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक आधी रस्त्यावरून बघतंय. बाहेरून रंग मारा, फाटकाला काळा-सोनेरी द्या, ओट्यावर चार कुंड्या ठेवा. भिंतीची भेग पुट्टी भरून बुजवा. आतलं कोण बघतंय?"

मामा उभेच राहिले. "म्हणजे वरचा थर लावा म्हणतोस."

"सगळेच लावतेत की."

"सगळ्यांच्या मालात हातबी मीच घातलेत."

एजंट गेला. दोन दिवस मामा रंगाचं नाव काढू देईनात. शेवटी मामी कडाडल्या, "पोरगी दाखवायची तर तोंड धुवूनच उभी करतेत ना? तोंड धुणं म्हणजे फसवणं हाय का? धुवा घराचं तोंड!" हे मामांना पटलं. तोंड धुवायचं, पावडर लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

आमच्याकडचा पेंटर लग्नाच्या भिंती रंगवणारा. त्यानं स्वस्तात फिरोजी रंग आणला, घर दोन दिवसांत मोरासारखं दिसायला लागलं. फाटकाच्या दोन बाजूंना त्यानं न विचारता केळीचे खांब काढले, वर गणपती काढला आणि हात पुसत विचारलं, "नवरदेवाचं नाव काय लिहू?" तोवर गल्लीतल्या तीन बायका मामींना विचारून गेल्या होत्या की लग्न कुणाचं.

मामा म्हणाले, "नाव न्हाई लिहायचं. खोडी लिहायच्या. बैल इकताना सांगतो तशा. मी पुकारतो, तू लिही."

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. "मामा, तीस वर्षं मी भिंतीवर शुभ लिहायलोय. आपल्या हातानं घराला नावं ठेवायची? मला लेकरंबाळं हायेत." आणि लाल रंगाचा अर्धा डबा तसाच टाकून तो सायकलवर बसून गेला.

मामांना स्वतः लिहिता येत होतं. पण पुकारणाऱ्यानं लिहायचं नाही, हा मोंढ्याचा नियम. एकच माणूस पुकारणार आणि तोच लिहिणार तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? मामींना अक्षर येत नव्हतं. पोरीचे बाबा जिनिंगवर कामाला गेलेले, पोरगी माझ्या भावाकडे गेलेली. मामांनी माझ्याकडे बघितलं.

"चौथी झालीय ना तुझी?"

मी गल्लीकडे पाठ करून उभी राहिले. पदर इतका ओढला होता की भिंत सुद्धा अर्धीच दिसत होती. मागून मामा पुकारायला लागले, वजन पुकारायचे त्याच आवाजात, आणि मी त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहीत गेले.

"लाभ! ही भेग आरपार हाय, दरसाल बोटभर वाढते.

दोन! फाटक उचलून ढकला.

तीन! शेजारच्या न्हाणीचं पाणी इथं मुरतं.

चार! लिंबाच्या मुळ्या पायाखाली गेल्यात.

पाच! बोअरला चैत्रापर्यंतच पाणी.

सहा! ओट्याचा एक हात नगरपालिकेचा."

सहावं लिहिताना माझा हात थांबला. ओटा पुढे आलाय हे कागदोपत्री निघालं तर कोण घेणार हे घर? माझ्या डोळ्यांसमोर पोरीची फी. मी ते अगदी खाली, पायाजवळ, मुंगीएवढं लिहिलं आणि मामींची कोरफडीची कुंडी पुढे सरकवली.

मामांनी लांबून भिंत मोजली. "लाभ, दोन, तीन, चार, पाच." थांबले. पुन्हा मोजली. मग पायऱ्या चढून आले, कुंडीमागे हात घातला. मी रडकुंडीला आले होते. कुंडी उचलून त्यांनी दुसऱ्या टोकाला ठेवली आणि म्हणाले, "मोठं लिही. म्हाताऱ्या माणसाला वाकायला लागतं."

पोरीचे बाबा संध्याकाळी आले, फाटकातच सायकल धरून उभे राहिले. सगळं वाचलं. मग मला म्हणाले, "लोक दुसऱ्याचे पैसे बुडवतेत. तू तुझ्या हातानं तुझेच सत्तर हजार बुडवायलीस. अन् तेबी रंगात."

दुसऱ्या दिवसापासून भिंत वाचायला लोक यायला लागले. शाळा सुटली की पोरं मोठ्यानं वाचायची. कुणीतरी फोटो काढला आणि तो मोबाईलवर फिरला. पहिला भडकून आला तो शेजारचा. "आमच्या न्हाणीची बदनामी करता?" मामा म्हणाले, "हात लावून बघा." त्यानं भिंतीला हात लावला, तो ओला झाला. सगळी गल्ली बघत होती. आठ दिवसांत त्यानं न्हाणीची फरशी उखडून नवी बसवली आणि भिंत वाळली की नाही ते रोज स्वतः चाचपून जायचा. वाळली तेव्हा मामांनी मला तीन नंबर खोडायला लावला. नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन आला. त्यानं मोजून सांगितलं, हात नाही, वीतभरच आहे. मामांना वजन बरोबर लागल्यासारखा आनंद झाला. "लिही, वीत!"

गिऱ्हाईक मात्र एक टिकेना. येणारा माणूस फाटक उचलून ढकलायचा, वाचायचा, हसायचा आणि निघून जायचा. सेलूचे एक गुरुजी चांगले होते. ते मामांना म्हणाले, "मला सांगा, माणूस वरती चांगला माल ठेवतो की वाईट?" मामा म्हणाले, "चांगला." "मग ज्याच्या वरच्या थरातच एवढं निघालं, त्याच्या आत काय असंल?" आणि चहा न पिता गेले.

हे मामांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते दिवसभर ओट्यावर बसून राहिले. मामी म्हणाल्या, "कवडी वर मांडून बसलेला मानवतच्या मोंढ्यातला पहिला माणूस तुमी." पोरीनं तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं मला ऐकू आलं, "माझं पुढच्या वर्षी बघू गं." पोळा बारा दिवसांवर आला होता.

तेव्हा जिंतूरकडून एक माणूस आला. जाडजूड, मिशीवाला, जीपमधून उतरला. भिंत वाचली पण हसला नाही.

"वळखलं का मापाडी?"

"तोंडं मी ध्यानात ठेवत न्हाई. माल सांगा."

"माझ्या कापसात तुमी कोपरापर्यंत हात घातला होता."

"लय जणांच्या घातलाय."

"माझ्यातून ओलं पोतं निघालं होतं."

"हां!" मामांचा चेहरा उजळला. "तरटाचं. दोन जागी शिवलेलं. हिरव्या सुतळीनं."

"सगळ्या मोंढ्यापुढं हातात धरून दाखवलं होतं तुमी. वर्षभर मला गावात पोतं म्हणायचे. मोबाईलवर ही भिंत बघितली अन् म्हणलं, आता माझी पाळी." त्यानं उजवी बाही दुमडली. "सहा तुमी लिहिल्यात. सातवी मी काढणार. घर घ्यायचंय मला, पोरं इथं शाळेत टाकायचीत. पण सातवी निघंपर्यंत सौदा न्हाई."

"काढा की," मामा म्हणाले. "मी बसलोय."

सकाळपासून दुपार झाली. तो माणूस छपरावर चढला, टाकीत हात घातला, गटाराचं झाकण उचललं, न्हाणीत पाणी ओतून बघितलं, भिंतींवर ठोकून कान लावला. मामा मागे मागे. मामी म्हणाल्या, "जेवून घ्या, मंग शोधा." त्यानं जेवतानाही ताटाखालची फरशी ठोकली. काहीच निघेना. घामानं भिजून तो ओट्यावर बसला आणि त्याचं तोंड पडलं.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "असं घर नसतंय. काही सापडत न्हाई म्हणजे काहीतरी लय मोठं दडवलंय." आणि जीपची किल्ली खिशातून काढली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, आता गेला. आणि माझ्याच तोंडातून आवाज आला.

"माझ्या खोलीच्या मागल्या दाराला वाळवी लागलीय."

सगळे माझ्याकडे वळले.

तो माणूस पळतच गेला. मागल्या दाराच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, त्यानं बोट घातलं. बोट आत गेलं. मग हात. कोपरापर्यंत नाही, पण मनगटापर्यंत गेला. भुसा हातात घेऊन तो मोंढ्यात ओरडतात तसा ओरडला, "निघाली! मापाडी, सातवी निघाली!"

मामा माझ्याकडे बघत होते. "मला कामून सांगितलं न्हाईस? कवापासून हाय?"

"तीन वर्षं."

"मंग?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

"वाईट?" मामा म्हणाले. "भिंतीवर चूक लिहिलीय आपण दोन महिने! जा, रंग आण." मी डबा आणला. शेजारच्याच्या न्हाणीची खोड खोडलेली होती, त्यामुळे वाळवी मिळून पुन्हा बरोबर सहा झाल्या. तो माणूस माझ्यामागे उभा राहून प्रत्येक अक्षराला मान डोलवत होता. एवढा खूश झालेला माणूस मी लग्नातही पाहिला नाही. त्यानं भावात एका रुपयाचीही घासाघीस केली नाही. फक्त एक दार नवीन बसवून द्या म्हणाला, आणि तेही मग नको म्हणाला. चौकट तशीच ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची होती त्याला.

चार दिवसांनी तो इसाराचे, सौदा पक्का करायचे, पैसे घेऊन आला. मामांनी ओट्यावर चटई टाकली. सगळ्यात आधी माझे पैसे बाजूला काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. पोरीचे बाबा त्या दिवशी कामाला गेले नव्हते, पोरगी माझ्या पाठीला चिकटून बसली होती. गल्लीतली निम्मी माणसं फाटकाबाहेर.

"घेणाऱ्यानं मोजायचं," मामा म्हणाले. "मोठ्यानं."

मी नोटा हातात घेतल्या. तोंड उघडेना. तेव्हा मामांनी एक गोष्ट केली. त्यांनी उजवी बाही खाली ओढली आणि मनगटावर बटण लावलं. मामींनी सुद्धा डोळे मोठे केले. "आज मापाडी मी न्हाई," ते म्हणाले. "तू."

"लाभ," मी म्हणाले.

"ऐकू आलं न्हाई!" फाटकाबाहेरून शेजारचा ओरडला. "माझी न्हाणी सगळ्या गावाला ऐकवलीत, आता पैसेबी ऐकवा!"

"लाभ!" मी म्हणाले. "दोन. तीन. चार." वीसपर्यंत आवाज कापत होता. पन्नासला पदर मागे घसरला, मी सावरला नाही. शंभरला पोरगी माझ्यासोबत मोजायला लागली. एकशे तीसच्या पुढे फाटकाबाहेरची पोरंही.

"एकशे चाळीस!"

"कडता?" मामांनी विचारलं.

"न्हाई."

"पुरे?"

"पुरे," मी म्हणाले. मोठ्यानं.